घडीतली चौथी पुंगळी

मी झेंडा आहे. फडकणारा नव्हे; फडकणं माझ्या नशिबी नव्हतंच. माझं कापड शवपेटीच्या मापाने बेतलेलं. शिवणयंत्राखालून बाहेर पडलो तेव्हाच ठरलं होतं, कुणीतरी मरायचं आणि मी त्याच्यावर पसरायचं. आज मी अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या एका घराच्या स्वयंपाकघरात आहे आणि मान वर करून तुमच्याशी बोलायची मला लाज वाटते.

कारखान्यात माझ्यावर चांदण्या भरणाऱ्या बायका दिवसभर एकमेकींच्या नवऱ्यांची टिंगल करायच्या. माझी कड शिवताना मात्र एक जण गप्प झाली. म्हणाली, "हा कुणाच्या वाट्याला जाणार कोण जाणे."

"एखाद्या म्हाताऱ्याच्या जावो बाई," दुसरी म्हणाली. "नव्वदीचा, पोटभर जगलेला, झोपेत गेलेला."

मीही मनात तेच धरून बसलो. आणि गेलो डेल्फिनो आर्चुलेटाच्या वाट्याला. तेविशीचा पोरगा. छावणीतल्या लष्करी कोठारावर नेमणूक. तिथे एकटाच बसून तो आपलं पिस्तूल साफ करत होता, चुकून गोळी सुटली, असं लष्कराने घरी कळवलं.

दफनाला जाताना बसमध्ये सैनिक माझ्या घडीची उजळणी करत होते. "तुझं टोक सैल सुटलं ना, तर यात तुलाच गुंडाळीन," एक जण म्हणाला आणि बाकीचे हसले. हॅस्केट नावाचा सैनिक तेवढा हसला नाही. शेवटची घडी खोचण्याचं काम त्याच्याकडे होतं.

दफनभूमीत मला डेल्फिनोच्या शवपेटीवर पसरलं आणि बंदुकांच्या तीन फैरी झडल्या. अशा वेळी काडतुसांत गोळी नसते, नुसता आवाज असतो. फैरींची आठवण म्हणून काडतुसांच्या तीन रिकाम्या पुंगळ्या झेंड्याच्या घडीत ठेवायची रीत आहे. पेटीवरून उचलून माझी तिकोनी घडी घातली, तेव्हा हॅस्केटने त्या आत ठेवल्या. लांब, सडपातळ, तोंडाशी चुणीदार. त्यांच्यापाठोपाठ त्याने आणखी एक आत सरकवली. ती आखूड होती, बुटकी, आणि तिचं तोंड सरळ गोल होतं. मला वाटलं, पोरगा गोंधळला असेल.

मग कॅप्टन व्हिटलोने मला दोन्ही तळव्यांवर घेतलं, माझी एक सुरकुती अंगठ्याने निपटली आणि डेल्फिनोच्या बापापुढे गुडघा टेकला. देशाच्या कृतज्ञतेचे शब्द तो इतक्या मऊ आवाजात बोलला की मागच्या बाकावरच्या बायका रडायला लागल्या. मी त्याच्या हातांत अगदी व्यवस्थित बसलो होतो. ते आठवलं की आजही माझा धागा न् धागा आकसतो.

बाप युसेबियो स्वतः निवृत्त सार्जंट. बायको आधीच गेलेली. आता घरात तो आणि कॉलेजात शिकणारी मुलगी मारिसेला. पाहुणे निघून गेल्यावर त्याने माझ्यासाठी अक्रोडाच्या लाकडाची तिकोनी पेटी काढली. आत ठेवण्याआधी पुंगळ्या नीट बसवाव्यात म्हणून त्याने घडीत दोन बोटं घातली. आणि थांबला.

ती आखूड पुंगळी त्याने बाहेर काढून उजेडात धरली. सगळं आयुष्य लष्करात गेलेला माणूस. ही पिस्तुलाची आहे आणि बंदुकांच्या सलामीत हिचं काही काम नाही, हे त्याला लगेच कळलं. डेल्फिनोच्या पिस्तुलाची एकच पुंगळी कोठारात सापडली होती आणि ती लष्कराच्या ताब्यात होती. म्हणजे ही दुसऱ्या कुणाच्या तरी पिस्तुलातली. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, हा आता फोनकडे जाणार.

"पापा, जेवायला या," मारिसेलाने हाक मारली.

त्याने पुंगळी परत माझ्या घडीत सारली, होती त्याहून खोल. काच लावली. मागचे स्क्रू घट्ट पिळले आणि हात धुऊन जेवायला गेला.

दोन वर्षं मी ते पोटात घेऊन फडताळावर बसलो. दर रविवारी चर्चमधून आल्यावर युसेबियो माझी काच पुसायचा. नको तितकी पुसायचा.

मारिसेला सुट्टीला आली की भांडण ठरलेलं.

"पिस्तुलावर हात तर तुम्हीच बसवला ना त्याचा? साफ करण्याआधी तीनदा उघडून बघायचा तो. मी चिडवायचे त्याला, अंडी उबवतोयस का म्हणून."

"लष्कराने चौकशी केलीय, पोरी."

"लष्कराने लष्कराची चौकशी केली, पापा. वा."

"चार बुकं शिकलीस म्हणून मोठ्यांना..."

"मग तुम्ही शिकवा. बोला काहीतरी. नुसती काच काय पुसताय?"

तो बोलायचा नाही. वडीलधारी माणसं गप्प बसली की लोक त्याला दुःख समजतात, भारदस्तपणा समजतात. मी त्या गप्प बसण्याच्या आत होतो. तिथे भारदस्त काही नव्हतं. तिथे भीती होती आणि त्या भीतीवर पांघरूण मीच होतो.

मग एका दुपारी प्रुइट नावाची लष्करी तपास अधिकारी दाराशी आली. पन्नाशीची, दुखऱ्या गुडघ्यांची बाई. मारिसेलाने तिच्यापुढे हिरव्या मिरच्यांच्या रश्शाची वाटी ठेवली. दोन घासांत बाईच्या डोळ्यांतून पाणी.

"तुम्ही हे रोज खाता?"

"पाहुण्यांसाठी तिखट कमी केलंय," मारिसेला म्हणाली.

प्रुइट हसली, पाणी प्यायली, आणि मग हसू बाजूला ठेवून बोलली. हॅस्केट लष्कर सोडून तिच्याकडे आला होता. कॅप्टन व्हिटलो कोठारातल्या अंधारात दिसणाऱ्या दुर्बिणी बाहेर विकत होता. डेल्फिनोला ते कळलं. वरिष्ठांना सांगणार, असं त्याने कॅप्टनच्या तोंडावर सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी तो मेला. व्हिटलोने त्याला स्वतःच्या खासगी पिस्तुलाने मारलं, मग डेल्फिनोच्या पिस्तुलातून एक गोळी बाहेर मोकळ्यावर झाडली आणि ती पुंगळी प्रेताजवळ टाकली. स्वतःची त्याला सापडली नाही. ती फरशी पुसताना हॅस्केटला कपाटाखाली मिळाली.

"कुणाला द्यायची? तिथला सगळ्यात मोठा अधिकारी व्हिटलोच," प्रुइट म्हणाली. "म्हणून त्याने ती झेंड्यात घातली. त्याला वाटलं, घरच्यांच्या हाताला लागेल. प्रत्येक पिस्तूल पुंगळीच्या बुडावर आपली खूण ठेवतं. व्हिटलोने पिस्तूल विकलं, पण विकत घेणारा आम्हाला सापडलाय. आता फक्त पुंगळी हवी."

मी काचेआड ऐकत होतो. ज्या हाताने पोराला मारलं, त्याच हाताच्या अंगठ्याने माझी सुरकुती काढली होती.

"एकदा दिलेला झेंडा उघडत नाहीत," युसेबियो म्हणाला. "तशी रीत आहे."

"मी कोर्टाचा हुकूम आणू शकते, सार्जंट. पण तुमच्या हातून मिळाला तर बरं वाटेल मला."

"रीत," मारिसेला म्हणाली. "माझा भाऊ मारला त्यांनी, आणि तुम्हाला घडीची काळजी." तिने खणातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि फडताळावरून मला खाली ओढलं. युसेबियोने पेटीवर हात ठेवला. मला वाटलं, हिसकाहिसकी होणार.

"सगळं उसकटू नको," तो खालच्या आवाजात म्हणाला. "उजव्या बाजूला आहे. खोल."

प्रुइटने वाटी बाजूला सरकवली. मारिसेला बापाकडे वळली.

"तुम्हाला कसं माहीत?"

तो टेबलाकडे बघत होता.

"पापा, तुम्हाला कसं माहीत?"

"तो तर गेलाच होता, पोरी. त्यात लष्करही गेलं असतं, तर माझ्याकडे काय उरलं असतं?"

"मी उरले होते," मारिसेला म्हणाली.

प्रुइटने हातमोजे चढवून मला उलगडलं, पुंगळी पिशवीत घातली आणि निरोप न घेता निघून गेली.

खुणा जुळल्या. व्हिटलोला जन्मठेप झाली. निकालाची बातमी आली त्या दिवशी युसेबियोने मला टेबलावर पसरलं आणि एक बाजू उचलली. माझी घडी एकट्याने होत नाही, समोरचं टोक धरायला दुसरं माणूस लागतं.

"धर ना," तो म्हणाला.

मारिसेला ओट्याला टेकून उभी होती. "नाही."

"पोरी, जमिनीला टेकेल तो."

"टेकू दे."

झेंडा जमिनीला लागू द्यायचा नाही, हे या घरात मुलं चालायच्या आधी शिकतात. मी टेबलावरून घसरायला लागलो. म्हातारा एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. ती हलली नाही. माझं टोक फरशीला लागलं, त्यामागून उरलेलं कापड आलं. बराच वेळ तो आपली बाजू धरून उभा राहिला. मग त्याने तीही सोडली आणि भिंतीला धरत खाली बसला.

"मी भ्यालो," तो म्हणाला. "लष्करात कधी भ्यालो नव्हतो, घरात भ्यालो."

मारिसेलाने माफ केलं नाही. तिने गॅस बंद केला, मला वळसा घालून आली आणि त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून फरशीवर बसली. "सांगा," म्हणाली. "पहिल्यापासून सांगा. एकही गोष्ट गाळलीत तर मी उठून जाईन."

तो सांगतो आहे. अडखळतो आहे, पण सांगतो आहे.

मी अजून फरशीवरच आहे. कुणी मला उचलायला धावू नका. मी एका खुनावर पसरलो आणि लोकांनी मला सलाम केला, ती माझी बेअब्रू होती. या फरशीवर माझी बेअब्रू होत नाही. माझ्यासारखं कापड अंथरलेलं दिसलं, तर माझ्याखाली कोण आहे आणि तो कसा मेला, हे विचारा. मोठी माणसं गप्प करतील, तरी विचारा.