एकशे नव्वदचा मान

मित्रांनो, मी एक जुना, पाऱ्याचा बीपीचा डबा आहे. आत काचेची नळी, बाहेर कापडी पट्टा आणि दाबायला रबरी फुगा, एवढाच माझा संसार. नाहूरच्या डॉक्टर उत्तराबाईंकडे हल्ली बॅटरीवरची नवी पोरंटोरं आली आहेत, तरी शिबिराला बाई मलाच नेतात. खोटं बोलायची सवय नाही ना मला!

जानेवारीत त्यांच्याच सोसायटीत शिबिर झालं. तिथे रांगसुद्धा पदाप्रमाणे लागते हो! आधी कमिटी, मग घरमालक, मग भाडेकरू. सेक्रेटरी श्यामसुंदर सर पहिले. माझा पारा दीडशेवर थांबला, तर हा गृहस्थ खूश! एवढी जबाबदारी म्हटल्यावर बीपी असणारच, असं चारचौघांना सांगत फिरला. खजिनदार नंदकिशोर यांचे एकशे चाळीसच भरले, तर ते बिचारे ओशाळले.

आवराआवर करताना बाईंनी वॉचमन भाऊरावांना बोलावलं. अकरा वर्षं ते गेटवर उभे. फाटक उघडायला जरा उशीर झाला की सरांची बोलणी ठरलेली. मी दंड आवळला. एकशे नव्वद!

सरांचा चेहरा पडला. वॉचमनचं आपल्यापेक्षा जास्त? डबा बिघडलाय, भंगारात द्या, म्हणाले. मित्रांनो, राग आलाच मला. पण खरी भीती वेगळी होती. मी खोटा ठरलो असतो तर भाऊराव तसेच गेटवर परतले असते.

बाईंनी पुन्हा मोजलं. मी हट्टानं तिथेच. मग त्यांनी छातीत दुखतं का विचारलं.

"महिना झाला. नोकरी जाईल म्हणून बोललो नाही," भाऊराव म्हणाले.

बाई सरांकडे वळल्या. "रोजचा धाक असला की शरीराला वाटतं, आता मार बसणार, रक्त सांडणार. म्हणून ते रक्त आधीच गोठायच्या तयारीत ठेवतं. मार बसत नाही, पण गुठळी हृदयात अडकते. जबाबदारी तुम्हाला आहे सर. धाक यांना आहे."

भाऊरावांना रिक्षात घालून बाई हॉस्पिटलात गेल्या. बदली माणूस मिळेना, म्हणून सर स्वतः फाटकाशी उभे राहिले. दिवसभर गाडीवाल्यांनी त्यांना यथेच्छ झापलं.

संध्याकाळी बाई परतल्या. गुठळी वेळेत सापडली होती, भाऊराव वाचले होते. सरांनी गुपचूप दंड पुढे केला. एकशे सत्तर! या वेळी त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

मित्रांनो, मला पुसून ठेवलं नाहीत तरी चालेल. पण ज्याच्यावर तुम्ही रोज ओरडता, त्याला एकदा माझ्यासमोर आणून बसवा.