आधी सून

बाळ झाल्यानंतर माहरुख पहिल्यांदाच वाटाड्या म्हणून पाहुण्यांना स्कीवरून डोंगरात घेऊन आली होती. तेहरानजवळच्या शेम्शाक गावावरचा हा एक उतार ओलांडला की गाव पायथ्याशीच. घरी तान्हा आरश सासूबाईंच्या मांडीवर भुकेने कावला असणार. तिची छाती केव्हाची दुधाने भरून आली होती.

पण वाऱ्याने रात्रभर बर्फ आणून या उतारावर ओतलं होतं. काठाशी तिने फावड्याने खड्डा खणला, बर्फाचा एक खांब मोकळा केला आणि वरून हलकेच थापटला. दोन-चार थापांतच वरचा घट्ट थर सरकून तिच्या मांडीवर आला. खाली साखरेसारखे सुटे दाणे. म्हणजे कुणी पाऊल टाकलं की अख्खा उतार कोसळणार.

मान वर करून पाहते तर सगळे उताराच्या तोंडाशी गोळा!

“आधी तुम्ही, इंजिनिअरसाहेब.”

“छे छे! तुमच्यापुढे मी पाऊल टाकू?”

“अहो, पाहुणे तुम्ही!”

सासरे फरामर्झ आणि त्यांचे तेहरानचे दोन मित्र एकमेकांना मान देता देता पुढेपुढे सरकत होते. घराच्या दारात हे चाललं असतं तर फार तर चहा निवला असता.

लग्न झाल्यापासून सासऱ्यांपुढे तिने कधी आवाज चढवला नव्हता.

“आगाजान, मागे या!”

“अगं, पाहुण्यांना आधी...”

“पाहुणे नाहीत, तुम्ही नाही, कुणीच जायचं नाही. एकेक जण मागे फिरा. आत्ता!”

इंजिनिअर हसले. “फरामर्झखान, घरीही असंच चालतं वाटतं?”

फरामर्झ मागे वळले. तेवढ्यात बर्फ पोटातून हुंकारलं आणि त्यांच्या स्कीच्या टोकापासून एक बारीक भेग सरसर उतारभर धावत गेली. इंजिनिअरांचं हसू विरलं.

डोंगराच्या धारेवरून लांबचा वळसा घालून उतरेपर्यंत ऊन कललं. दारापर्यंत आरशचं रडणं ऐकू येत होतं. उंबऱ्याशी तिघे म्हातारे सवयीने थबकले.

“आधी तुम्ही...” इंजिनिअरांनी सुरुवात केली.

“आज आधी आमची सून,” फरामर्झ बाजूला होत म्हणाले. आवाज शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा. “डोंगरात हिच्या मागून आलो म्हणून दार दिसतंय.”

एरवी तिने तीनदा तरी नको नको म्हटलं असतं. आज बूट न काढता, ताठ मानेने, ती सगळ्यांच्या आधी आत गेली.