कडक बाईंची शनिवारची शिकवणी

आमच्या शाळेत पाचवीला गणित शिकवणाऱ्या बाईंना मुलं 'कडक बाई' म्हणत, आणि खरं सांगायचं तर आम्ही शिक्षकही पाठीमागे तेच म्हणायचो. वर्गात त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. मी चित्रकला शिकवते. माझ्या तासाला मुलांनी दंगा मांडला की शेजारच्या वर्गातून बाईंचं नुसतं खाकरणं पुरायचं.

शाळा खासगी, नावाजलेली. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलेलं, 'आमची शाळा, सर्वांची शाळा'. त्या वर्षी एका सुताराच्या मुलीनं पाचवीची प्रवेश परीक्षा दिली आणि गणितात पैकीच्या पैकी गुण काढले. घरी तिला बिट्टी म्हणत. मुलाखतीला आत्या घेऊन आली, तेव्हा कळलं की बिट्टीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्या वडिलांनाही नाही.

"मुलगी हुशार आहे हो," आमच्या संस्थेचे अध्यक्ष आत्याला म्हणाले, "पण आमच्याकडे तशी सोय नाही."

कडक बाई कोपऱ्यात पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सोय मी करते."

"तुम्हाला येते ती खुणांची भाषा?"

"नाही येत. शिकेन."

अध्यक्षांना वाटलं, चार दिवसांत उत्साह मावळेल. पण दर शनिवारी शाळा सुटली की बाई सुताराच्या कारखान्यात हजर. रंध्याच्या भुश्शात स्टूल टाकून बसायच्या. समोर बिट्टीचे वडील, कानावर पेन्सिल खोचलेली. खुणेनं समजलं नाही की ते फळीच्या तुकड्यावर लिहून दाखवत. बाई चुकल्या की पुन्हा करायला लावत. दहादा चुकल्या तर दहादा. पहिल्याच महिन्यात वडिलांनी लिहिलं, 'हात ठीक आहेत. तुमचा चेहरा बंद आहे.'

त्या भाषेत चेहराही बोलतो, हे बाईंना तेव्हा कळलं. एके दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत शिरले, तर बाई आरशासमोर उभ्या राहून भुवया उडवत होत्या.

"बघताय काय?" त्या म्हणाल्या. "मला विचारायचंय 'डबा खाल्लास का?' आणि होतंय, 'डबा खा!'"

मला हसू आवरेना. मग त्याही हसल्या. बाईंचा पुढचा एक दात वाकडा आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

वर्गात सुरुवातीला फजितीच होती. 'उद्या चाचणी आहे' असं सांगताना बाईंच्या हातून भलतीच खूण झाली. बिट्टी बाक वाजवून हसायला लागली. बाकीच्या मुलांनी श्वास रोखला.

"काय चुकलं? पुढे येऊन दाखव," बाई म्हणाल्या, आणि खुणेनंही तेच सांगितलं.

बिट्टी पुढे गेली. तिनं बाईंची बोटं धरून नीट वळवली. मागच्या बाकावरच्या पोरांनीही ती खूण करून पाहिली. सहामाहीपर्यंत अख्ख्या वर्गाला खुणा यायला लागल्या, इतक्या की पठ्ठे परीक्षेत एकमेकांना उत्तरं सांगू लागले. मात्र पर्यवेक्षकाला कळलं नाही तरी बाईंना कळायचंच. चौघे जण रंगेहाथ सापडले. त्यांतली एक बिट्टी.

वर्षअखेरीस पालकसभा झाली. बिट्टीचे वडील पहिल्यांदाच आले, इस्त्रीचा शर्ट घालून. अध्यक्षांनी माईक हातात घेऊन त्यांना विचारलं, "आम्ही तुमच्या मुलीसाठी एवढं केलं. समाधानी आहात ना?"

बाईंनी प्रश्न खुणेनं सांगितला. वडिलांनी शांतपणे उत्तर दिलं. बाई सभेकडे वळल्या.

"नाही, म्हणतात ते."

सभागृहात चुळबुळ झाली.

"ते म्हणतात, मधली सुट्टी संपल्याची घंटा बिट्टीला ऐकू येत नाही. मैदानात रोज ती मागे राहते आणि उशिरा आली म्हणून बोलणी खाते. घंटेबरोबर दिवा का लागत नाही? आणि सगळ्या सूचना माईकवरच का? त्या लिहून लावायला किती वेळ लागतो?"

अध्यक्षांचा चेहरा उतरला. "बाई, ते अगदी असंच म्हणाले?"

"शब्दन् शब्द," बाई म्हणाल्या. "आणि रोज बोलणी खाते ती माझीच. हे वर्षभरात माझ्या ध्यानात यायला हवं होतं."

भरल्या सभेत स्वतःची चूक कबूल करणारी बाई मी आमच्या शाळेत त्याआधी पाहिली नव्हती. त्या गोड शब्दांत सांगू शकल्या असत्या, वेळ मारून नेऊ शकल्या असत्या. कोणाला कळलंही नसतं. त्यांनी त्या माणसाचा 'नाही' जसाच्या तसा आमच्यापर्यंत आणला.

पुढच्या सत्रात मैदानावर आणि प्रत्येक मजल्यावर तांबडे दिवे बसले, दाराशी सूचनांचा फळा लागला. नव्या वर्षी ऐकू न येणारी आणखी दोन मुलं आली, आणि पांढरी काठी घेऊन चालणारा एक मुलगा. त्याच्यासाठी विज्ञानाचे सर ठिपक्यांची लिपी शिकायला जातात. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

बिट्टी आता आठवीत आहे. परवा तिनं पाण्याच्या टाकीवर चढून मैत्रिणींना भिजवलं. कडक बाईंनी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तिला झाडलं, दोन्ही हातांनी, चांगली पाच मिनिटं. आवाज कसलाच नव्हता, पण मैदानातल्या यच्चयावत पोरांना सगळं कळलं, आणि बिट्टी मान खाली घालून गुपचूप उतरली.