टकळीच्या पाच ओळी

शाळा उघडली आणि तिसरीच्या बाईंनी फळ्यावर रंगीत खडूने ओळी लिहून ठेवल्या. ‘सुट्टीत मी ... येथे गेलो/गेले. तिथे मी ... पाहिले.’ पोरांनी फक्त गाळलेल्या जागा भरायच्या. सुट्टीनंतर बोटं जड झालेली असतात, त्यांना एवढा टेकू पुरे, असा बाईंचा भाबडा हिशेब.

वर्ग लिहायला लागला. एक मुलगी मात्र पेन्सिल चावत बसली. ती इस्त्रीवाल्याची लेक. सगळे तिला टकळी म्हणत. देवाने तिला जीभ देताना हात मुळीच आखडता घेतला नव्हता, पण कागदावर अक्षर उमटेना. मंगळवारीही नाही, बुधवारीही नाही. मोठ्या बाईंनी तर निक्षून सांगितलं होतं, शुक्रवारपर्यंत ज्याला पाच ओळी लिहिता येणार नाहीत त्याला पुन्हा दुसरीत बसवायचं. टकळीच्या आईने हे ऐकलं तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

गुरुवारी बाई टकळीशेजारी बाकावर टेकल्या. का गं लिहीत नाहीस, म्हणून विचारलं.

“मी कुठे गेलेच नाही,” टकळी म्हणाली. “मग काय लिहू? खोटं?”

बाईंनी वळून फळ्याकडे पाहिलं. चूक पोरीची नव्हती, फळ्याची होती. त्यांनी उठून फळा पुसला आणि नवीनच टूम काढली: एकाने सांगायचं, शेजारच्याने लिहायचं.

टकळीची शेजारीण चष्मिस, अक्षर मोत्यासारखं. टकळी जी सुटली! बाबांचं दुकान, ओलसर कपड्यांतून उठणारी वाफ, गावाला निघालेल्या डॉक्टरांचा कोट, त्याचं वितळलेलं बटण, डॉक्टर यायच्या आत ते बदलायला आईची उडालेली धांदल, सगळं हातवारे करून सांगितलं. चष्मिसने शांतपणे लिहिलं, ‘तिचे बाबा इस्त्री करतात. एक बटण खराब झाले.’

टकळीने ते वाचलं आणि तिचे कान तापले.

“अगं, वाफ कुठे गेली? आणि आई?”

“एवढं सगळं कोण लिहीत बसणार? हात दुखतो माझा. तूच लिही,” म्हणून चष्मिसने पेन्सिल तिच्यापुढे टाकली.

टकळीने कागद ओढला. वेलांट्या वाटेल तिकडे वळत होत्या, ओळी उताराला लागल्या होत्या. मधल्या सुट्टीची घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, तरी पोरीची मान वर नाही. कुणी आत येऊन तिला हटकू नये म्हणून बाई डबा न उघडताच दारात उभ्या राहिल्या.

शुक्रवारी मोठ्या बाईंनी कागद वाचला. उलटून मागची बाजूही वाचली. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, असं म्हणाल्या. मग विचारलं, “आईने नवीन बटण आणलं कुठून?”

“स्वतःच्या स्वेटरचं काढलं.”

“हे लिहिलं नाहीस.”

“कागद संपला.”

मोठ्या बाईंनी टेबलावरचा एक कोरा कागद तिच्या हातात दिला आणि तिसरीच्या वर्गाकडे बोट दाखवलं.