सहा पंख्यांचं पॅड

"चार पंख्यांचं नको. सहाचं दाखवा."

लोणावळ्याच्या बाजारातल्या त्या दुकानदाराने मला नीट न्याहाळलं. "ताई, आधी लॅपटॉपबद्दल सांगा. हवा खालून ओढतो की मागून? खाली जाळी नसेल तर सहा पंखे लावा नाहीतर साठ, उपयोग नाही. आणि जुना असेल तर आधी आतून साफ करून घ्या."

"जाळी आहे खाली. आणि साफसफाई मला नका शिकवू," मी म्हटलं. "निळे लाइट लागतात का ह्याला?"

लागत होते. लॅपटॉपखाली ठेवून तो गार करायचं ते पॅड घेतलं. खरं कारण सांगून टाकते, लपवून काय मिळणार? कोमलच्या पॅडला चारच पंखे होते.

कोमल म्हणजे माझी धाकटी जाऊ. हिंजवडीच्या एका कंपनीचं काम कान्हे गावातल्या आमच्या घरी बसून करते. तिच्या खोलीचं दार लागलं की आत्या, म्हणजे आमच्या सासूबाई, घरातल्या मांजरालासुद्धा ओरडू देत नाहीत. "मिक्सर लावू नगं, कोमलची मीटिंग हाय." चहा आत जातो, जेवणाचं ताट आत जातं. आणि मी? अकरा वर्षं ह्याच घरात बसून गावाचे फॉर्म भरते. दाखले, रेशनकार्डं, पोरांच्या शिष्यवृत्त्या. तरी टाइप करता करता "सविता, तेवढं दूध बघ" चालूच. तिला खोली, मला माजघरातली इंद्रायणी भाताची पोती. एकावर एक दोन पोती, त्यावर लॅपटॉप, झालं माझं ऑफिस. जळफळाट व्हायचा माझा. का नाही व्हायचा?

त्यात माझा लॅपटॉप तापायला लागला. अर्ध्या तासात नुसता तवा, की आपोआप बंद. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "वल्लं फडकं ठेव की खाली." आणि गणेशभावजींनी मात्र बायकोला न मागता पॅड आणून दिलं! दिवसभर त्याची घरघर दाराबाहेर ऐकू यायची. मी पोळ्या लाटताना ऐकायची आणि मनात म्हणायची, केवढं काम करते बया.

माझं पॅड आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी डोंगरावरच्या वाडीतून कोंडूभाऊ आले. सोबत त्यांची बबिता. पोरगी दहावीला वाडीत पहिली आलेली, पुण्याच्या वसतिगृहाचा फॉर्म भरायचा होता.

"वैनी, आज पाच वाजंपातूर भरायचा हाय म्हनं," कोंडूभाऊ म्हणाले. "न्हाईतर पोर घरीच बसंल."

मी ऐटीत पॅड लावलं. सहा पंखे गरगरले, निळा उजेड पडला. "लय भारी हाय की!" कोंडूभाऊ म्हणाले. माझी मान आपोआप ताठ झाली. आवाज कोमलच्या खोलीपर्यंत जावा म्हणून मी पंखे मुद्दाम पूर्ण वेगावर ठेवले.

वीस मिनिटांत लॅपटॉप बंद. पुन्हा चालू केला, दहा मिनिटं टिकला. तिसऱ्यांदा तर नाव टाकेपर्यंतच गेला. चार वाजायला आले. बबिता ओढणीचं टोक पिळत बसली होती.

"ऱ्हाऊ द्या वैनी," कोंडूभाऊ उठत म्हणाले. "नसीब तिचं."

ते मला सहन झालं नाही. "बसा तितंच," मी म्हणाले आणि अकरा वर्षांचा ताठा गिळून कोमलचं दार ढकललं. तिचा लॅपटॉप मागायचा, दुसरं काय!

आत घरघर चालू होती. कोमल पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. टेबलावर पॅड होतं, चारही पंखे फिरत होते, वायर मोबाइलच्या चार्जरला लावलेली. पॅडवर काहीच नव्हतं.

"लॅपटॉप कुठंय?"

"कंपनीने परत नेला." ती म्हणाली. "मला काढलं, ताई. महिना झाला. आवाज येत राहिला की आत्यांना वाटतं काम चालू आहे. ह्यांनाही सांगितलेलं नाही."

लाज वाटते, पण खरं बोलते. आधी मला आनंद झाला. चांगलाच झाला. मग तिने हात लांबवून पॅड बंद केलं आणि टेबलावरचं झाकलेलं ताट मला दिसलं. भाकरीला हातसुद्धा लावलेला नव्हता. महिनाभर हे असं चाललं असेल?

"रड नंतर," मी म्हटलं. "बबिताचा फॉर्म अडकलाय. माझा लॅपटॉप दुरुस्त करता येतो का तुला?"

ती डोळे पुसून छोटा पेचकस घेऊन आली. माजघरात फरशीवर बसून तिने लॅपटॉपची पाठ उघडली. आतल्या पंख्यात भाताचा कोंडा दाबून बसला होता.

"रोज पोत्यांवरच ठेवता?"

"मग काय तुझ्या खोलीत ठेवू?"

ती कशीबशी हसली. "हे पॅड खालून हवा फेकतं, ताई. कोंडासुद्धा आत ढकलत होतं."

"म्हणजे बिनकामाचंच?"

"थोडा फरक पडतो. पण आतून साफ असेल तर, आणि स्वच्छ जागी ठेवलं तर. चमत्कार नाही करत."

दुकानदार तेच सांगत होता म्हणा. तिने रंगाच्या ब्रशने कोंडा काढला आणि लॅपटॉप पाटावर ठेवला. ती बबिताच्या कागदांवरचे आकडे वाचत गेली, मी टाइप करत गेले. पाचला दहा कमी असताना फॉर्म गेला. बबिता पहिल्यांदा हसली.

तेवढ्यात आत्या शेतावरून आल्या. फरशीवर बसलेल्या कोमलकडे बघून दारातच थांबल्या. "कोमल? ह्या टायमाला हितं? हापीस न्हाई व्हय आज?"

कोमलचं तोंड पांढरंफटक पडलं. मी एक शब्द बोलले असते तरी अकरा वर्षांचा हिशेब चुकता झाला असता.

"मीच बोलावलं तिला," मी म्हटलं. "माझं काम अडलं होतं. मला जमंना."

आत्या कोंडूभाऊंकडे बघून हसल्या. "बगा! एवडी वर्सं मोठा तोरा मिरवती. शेवटी कोमलबिगर चाललं का हिचं?"

बबिता माझ्याकडे बघत होती. कोमलने मान खाली घातली.

"न्हाई, आत्या," मी म्हटलं. "न्हाईच चाललं."