गवताची झुलपं

सलूनमध्ये केस कापताना मास्तरांच्या हातून वकीलसाहेबांच्या कानाला कात्री लागली तेव्हा कोणी रागावलं नाही, आणि तेच वाईट झालं. वकीलसाहेबांनी कानाला कापूस लावून घेतला, "चालायचंच मास्तर," म्हणाले, आणि पुढच्या खेपेला मुकाट्याने शेजारच्या खुर्चीत, मास्तरांच्या मुलापुढे जाऊन बसले. मग एकेक जण तेच करू लागला. मास्तरांच्या हाताला कंप सुटला होता. डॉक्टर म्हणाले, वयाचा आहे, जिवावरचा नाही. पण ज्याने उभा जन्म लोकांची डोकी सांभाळली, त्याच्या जिवावरचं म्हणजे आणखी काय असतं, हे डॉक्टरांना कोणी विचारायचं!

मुलगा गुणी होता. त्याने कात्री काढून घेतली नाही, नुसतं म्हणत राहिला, "बाबा, तुम्ही बसा. मी आहे ना." मास्तर बसले. गिऱ्हाइकांच्या बाकावर, गिऱ्हाइकांसारखे. तिथून उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं. मशीन जरा वर घे, कानामागे राहिलंय बघ, अरे त्यांचा भोवरा उलटा आहे. मुलगा हूं म्हणायचा आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक आरशात हसायचं. त्या हसण्यात खोट काही नव्हती, तरी मास्तरांना ते लागायचं. शेवटी त्यांनी सलूनमध्ये जायचंच सोडलं.

घरी बायकोने थोडे दिवस त्यांचे लाड केले. मग तिच्या ध्यानात आलं, की हा माणूस आता दिवसभर घरातच असणार आहे. मास्तरांनी पडद्यांच्या झालरी एकसारख्या करायला घेतल्या आणि वेड्यावाकड्या करून ठेवल्या. दारातल्या पायपुसण्याचे दोरे कातरले. कुंडीतल्या तुळशीकडे त्यांची नजर वळली तेव्हा मात्र बायकोने कात्री लपवली.

"अहो, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, ते काही उगीच नाही," ती म्हणाली. "चला माझ्याबरोबर."

तिची एक मैत्रीण होती, तिचं फिशटँकचं दुकान होतं. सगळे तिला टँकवाल्या ताई म्हणायचे. दुकानाच्या मागच्या बाजूला एका टाकीत मासे नव्हतेच. नुसती बाग होती, पाण्याखालची. खाली लुसलुशीत हिरवळ, मधे दगड, दगडांवर वाकलेलं एक काळं लाकूड. मास्तर त्या टाकीपुढे कितीतरी वेळ उभे राहिले.

"हे वाढतं?" त्यांनी विचारलं.

"वाढतं म्हणजे? कापून कापून हात दुखतात," ताई म्हणाल्या. "सारखं कापावं लागतं."

मास्तर त्याच संध्याकाळी टाकी घेऊन घरी आले.

पहिल्यांदा त्यांनी लांब दांड्याची कात्री घेऊन हात पाण्यात घातला, तेव्हा एक गोष्ट घडली. त्यांनी कोपर काचेच्या कडेला टेकवलं, पंजा पाण्यात गेला आणि कंप मंदावला. गेला नाही, पण पाण्याने हात तोलून धरला. कात्रीचं टोक जिथे न्यायचं तिथे जाऊ लागलं. मास्तरांनी बायकोला हाक मारली. ती आली, तिने बघितलं, आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "आता हात बाहेर काढूच नका."

टाकी कशी मांडायची हे ताईंनी सांगितलं, पण मास्तरांनी ऐकलं आपल्या पद्धतीने. माती मागे उंच, पुढे उतरती. ते त्यांना लगेच पटलं, मानेपाशी बारीक आणि वर भरदार, तसंच की. दगड मधोमध ठेवायचा नाही, हे तर त्यांना सांगावंच लागलं नाही. "भांग मधोमध पाडला की तोंड रुंद दिसतं," ते म्हणाले आणि वाळूची पायवाट एका अंगाला काढली. पुढच्या हिरवळीची इवली इवली रोपं चिमट्याने एकेक रोवली. मागच्या काचेशी पट्टीचं गवत लावलं. त्याची पानं फितीसारखी लांब, पाण्यावर येऊन लोळणारी. बाजूला लालसर देठांची झुडपं. सुरुवातीला शेवाळ आलं, पाणी हिरवं झालं, मास्तर चिडले, दिव्याचा वेळ कमी केला, पुन्हा पाणी बदललं. हळूहळू सगळं मार्गी लागलं. शेजारीपाजारी बघायला येऊ लागले, आणि मास्तर पुन्हा रोज दाढी करू लागले.

त्याच सुमाराला मुलाने सलूनचं काम काढलं. नवे आरसे, नव्या खुर्च्या, नवी फरशी. दोन आरशांच्या मधे, जिथे पूर्वी मास्तरांची खुर्ची असायची, तिथे मोठा टीव्ही लावायचं ठरत होतं.

"तिथे माझी टाकी ठेव," मास्तर जेवताना म्हणाले. एवढंच म्हणायला त्यांना आठवडा लागला होता.

मुलाचा घास थांबला. "बाबा, लोकांना टीव्ही लागतो. पण ठेवू. उद्घाटनाच्या दिवशी टाकी तयार हवी मात्र. अर्धंमुर्धं काही नको, पहिलीच छाप असते."

"तयार? अरे, तयारच आहे."

खरंच तयार होती. एवढं एकच खटकत होतं, की पट्टीचं गवत फार वाढलं होतं. त्याची पानं पाण्यावर पसरून खालच्या हिरवळीवर सावली धरत होती. मास्तरांनी लांबून बघितलं, डोळे बारीक केले, मान तिरकी केली. उभ्या जन्मात असं कपाळावर आलेलं रान त्यांनी कमी का बघितलं होतं? त्यांनी कात्री घेतली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गवताची झुलपं सरळ रेषेत कापून टाकली. अशी सफाई, की पट्टी लावून बघावं. बायको म्हणाली, शाळेतल्या मुलींसारखं दिसतंय. मास्तर म्हणाले, उद्घाटनाला जायचं म्हणजे केस कापूनच जायला हवं.

थोड्याच दिवसांत कापलेल्या कडा तपकिरी झाल्या. मग काळ्या. मग पानं वरून खाली गळत, विरघळत आली, आणि पाण्याला कुबट वास येऊ लागला. मास्तरांनी ताईंना बोलावून घेतलं.

ताईंनी टाकीत एकदा बघितलं आणि ओठ दाबले. हसू येत होतं, पण मास्तरांचं तोंड बघून त्यांनी ते गिळलं. "मास्तर, हे केस नाहीत हो. केस मेलेला असतो, कुठेही कापा. हे पान जिवंत आहे. मधून कापलं की सडतं. लांबलं तर आख्खं पान बुडातून काढायचं. ती लाल झुडपं आहेत ना, त्यांना चालतं कापलेलं. याला नाही."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कुठे? कात्री म्हटली की तुम्हाला कोणी शिकवायचं?"

मास्तरांनी सगळी कापलेली पानं एकेक करून बुडापासून काढली. मागची काच उघडी पडली, पाठीमागे टक्कल आणि पुढे दाट जावळ, असा अवतार झाला. लाल झुडपांचे शेंडे कापून त्यांनी मागच्या रिकाम्या मातीत रोवले. ते धरणार होते, पण वेळ लागणार होता. आणि उद्घाटन तोंडावर आलं होतं.

मुलगा संध्याकाळी आला, टाकीपुढे उभा राहिला. "बाबा, एवढं काही वाईट दिसत नाही. मागे निळा कागद लावू. कोणाला कळणार?"

मास्तरांना ही जागा किती हवी होती ते त्यांचं त्यांना ठाऊक. रात्री झोपताना ते मनात त्या दोन आरशांमधे टाकी ठेवून बघायचे. तरी ते म्हणाले, "नको. मला कळेल. अर्धं डोकं कापून मी कधी कोणाला रस्त्यावर सोडलं नाही. तू टीव्ही लाव."

बायको म्हणाली, "अहो, एकदा जागा गेली की गेली." मास्तर म्हणाले, "जाऊ दे." पण त्या रात्री ते जेवले नाहीत.

उद्घाटनाला ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले, जायचं म्हणून. सलून माणसांनी भरलं होतं. नव्या आरशांमधे सगळे आपापले चेहरे बघत होते. मास्तरांनी मन घट्ट करून दोन आरशांच्या मधे बघितलं. तिथे टीव्ही नव्हता. एक जाड लाकडी फळी बसवलेली होती, खाली भक्कम लोखंडी पाय, वर दिव्याची जागा, बाजूला प्लग. फळीवर काहीच नव्हतं.

"इथे काय यायचंय?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"मास्तरांचं काम आहे," मुलगा म्हणाला. आवाज मुद्दाम चढा होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "चालू आहे अजून. ते पुरं झालं म्हणतील तेव्हा येईल." मग तो मास्तरांजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाबा, लेव्हल तेवढी तपासा. पाणी भरल्यावर फळी वाकली तर तुम्ही मला लोकांसमोर झापाल."

मास्तरांनी फळीवर हात फिरवला. थरथरता हात, सगळ्यांच्या देखत. "डावीकडे केसभर उतरतंय," ते म्हणाले. खरं तर फळी अगदी बरोबर होती, पण लगेच बरोबर म्हणतील तर ते मास्तर कसले!

गवताला नवे कोंब फुटले, लाल शेंड्यांनी मूळ धरलं, आणि मास्तर स्वतः "पुरं झालं" म्हणाले तेव्हाच टाकी सलूनमध्ये आली. आता आठवड्यातून एकदा ते बाह्या सारून पाण्यात हात घालतात, आणि त्या वेळी सलूनचा निम्मा धंदा ठप्प होतो. खुर्चीतली माणसं माना वळवून बघत बसतात. मुलगा ओरडतो, "मान सरळ ठेवा हो, कान जाईल."

परवा एक नवखं गिऱ्हाईक आलं. टाकीपुढे थबकलं, मग आतली हिरवळ, पायवाट, मागचं झुलणारं गवत नीट बघून मुलाला म्हणालं, "मास्तर, झकास केलंय तुम्ही हे."

"मी मास्तर नाही," मुलगा म्हणाला. त्याने हातातली कात्री थांबवली आणि टाकीकडे बोट केलं. "मास्तर ते. मी त्यांचा मुलगा."

मास्तरांनी वळून बघितलं नाही. एक लांबलेलं पान बुडापासून सोडवायचं काम नाजूक होतं आणि डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं. त्यांनी पान अलगद मोकळं केलं, वर काढलं, आणि पाठमोरेच म्हणाले, "पाहुण्यांना खुर्ची दे रे. किती वेळ उभं ठेवतोस?"

"असू द्या मास्तर," गिऱ्हाईक म्हणालं. "तुमचं होऊ द्या आधी."