कुलूप लावलेली पत्रिका

श्रीपाद टोकेकरांना संगणकातलं सगळं कळतं असं अख्ख्या देवासात एकच माणूस मानत असे, आणि तो माणूस म्हणजे स्वतः श्रीपाद टोकेकर. पण ते इतक्या ठामपणे मानत की धारला राहणाऱ्या त्यांच्या वहिनीनं, अल्पनानं, मुलीच्या लग्नाची पत्रिका टाइप केल्यावर त्यांनाच फोन लावला. डाउनलोड म्हटल्याबरोबर मोबाइलनं तिच्यापुढे वाढप सुरू केलं होतं: वर्ड हवं, पीडीएफ हवं, साधा मजकूर हवा, का आणखी काही? ती शाळेत हिंदी शिकवायची. यातलं पानात काय घ्यावं ते तिला कळेना.

"वर्ड घ्या वहिनी, वर्ड!" श्रीपाद म्हणाले. "पीडीएफ म्हणजे कुलूप. आपण लोकांना लग्नाला बोलावतोय का दाराला कुलूप घालतोय? घरची माणसं बघतील, चार शब्द सुधारतील. मोकळं असू द्या ना."

पत्रिका छापण्याआधी सगळ्या भाऊबंदांच्या नजरेखालून गेली पाहिजे, ही टोकेकरांची जुनी रीत. पूर्वी कच्चा कागद घरोघर फिरायचा, आणि कोणी खाडाखोड केली तर अक्षरावरून चोर सापडायचा. आता कागदाच्या जागी फाइल आली होती. त्यामुळे चोर सापडण्याची सोय तेवढी गेली.

अल्पनाला त्या पत्रिकेत एकच गोष्ट हवी होती. नवरा, शरच्चंद्र, गेला तेव्हा स्वानंदी आठवीत होती. तिथून पुढे तिची शिकवणी, तिची आजारपणं, तिची नोकरी, शेवटी स्थळ आणि त्याची बोलणी, सगळं अल्पनानं एकटीनं ओढलं. म्हणून पत्रिकेच्या तळाशी तिनं लिहिलं होतं: "निमंत्रक, श्रीमती अल्पना शरच्चंद्र टोकेकर." लिहून झाल्यावर ती ओळ तिनं दोनदा मोठ्यानं वाचली, आणि घरात कोणी नव्हतं म्हणून थोडी रडलीही.

फाइल परिवाराच्या ग्रुपवर पडली आणि मंडळींनी बाह्या सरसावल्या. सतवासच्या बापूंनी आपल्या सगळ्या कुटुंबाची नावं घातली, त्यात जावयाचं पद आणि त्याची बदली कुठं झाली तेही घातलं. चुलतपुतण्या अंशुलला मराठी वाचताना घाम फुटतो. त्यानं "ये स्नेहांकित क्या होता है यार" असं विचारून त्या जागी "दर्शनाभिलाषी" घातलं. शिवाय आपल्या मुलीच्या, उर्वीच्या, तोंडी एक ओळ दिली: "मेली बुआ की छादी में जलूल जलूल आना." उर्वी नववीत आहे आणि वक्तृत्वात बक्षिसं आणते.

या गडबडीत अल्पनाचं नाव हळूहळू खाली घसरू लागलं. आधी त्याच्या वर "श्री. व सौ. श्रीपाद टोकेकर" आले. मग ते "विशेष आग्रह" या सदरात गेलं, बापूंच्या जावयाच्या खाली. "पत्रिका, अक्कांनी पाहिलेली, फायनल" या नावाची फाइल आली तेव्हा ते कुठंच नव्हतं.

"जागा पुरेना हो वहिनी," श्रीपाद फोनवर म्हणाले.

"उर्वीच्या बोबड्या बोलांना पुरली की, भावजी."

"ते लहान मुलांचं कौतुक असतं. आणि खरं सांगू? निमंत्रक जोडीनं लागतात. रीत आहे. मला काही नाही हो, पण अक्काला चालायचं नाही."

अक्का म्हणजे श्रीपादांच्या आई, अल्पनाच्या सासूबाई, देवासला श्रीपादांकडेच असतात. त्यांचं नाव निघालं की टोकेकरांच्या घरात वाद संपतो. अल्पनानं फोन ठेवला. तिला इतका संताप आला होता की चहा उतू गेलेलाही दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी ती धारच्या छापखान्यात गेली. आत शिरताच भिंतीवर पाटी होती: "केवल पीडीएफ लाएँ. बाद में बहस नहीं."

"ऐसा क्यों, भिया?" तिनं विचारलं.

"मॅडम, पीडीएफ जैसी लाओगे वैसी छपेगी," मालक मान वर न करता म्हणाला. "वर्ड में तो हर कोई हाथ मार जाता है."

अल्पना तिथल्याच बाकावर बसली. मोबाइलवर तिची पहिली पत्रिका अजून होती, कोणाचा हात न लागलेली. तिनं पुन्हा डाउनलोड दाबलं, आणि या वेळी कोणालाही फोन न करता पीडीएफवर बोट ठेवलं. ते छापायला दिलं, मग ग्रुपवरही टाकलं. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

ग्रुपवर हाहाकार उडाला. बापूंनी बोलून निरोप पाठवला, "अगं, यात बोट ठेवलं तरी काही हलत नाही!" अंशुल म्हणाला, "काकू, एडिटवाली भेजो ना." काकूनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

छापलेल्या पत्रिका घेऊन ती देवासला गेली. पहिली टेकडीवर देवीपुढे ठेवली, दुसरी अक्कांच्या हातात दिली. श्रीपाद दारातच तयार होते.

"अक्का, बघ, वहिनींनी परस्पर कुलूप लावलेली पत्रिका छापली! मी मोकळी वर्ड म्हणत होतो."

"कसली वर्ड?" अक्कांनी चष्मा लावला. "मला तर कोणी काही दाखवलंच नाही."

श्रीपादांना एकाएकी खोकला आला. अल्पना अक्कांपाशी बसली.

"वर्ड म्हणजे, अक्का, आपण लिहायचं आणि मागून कोणीही येऊन पुसून जायचं. पुसलेलं कळतसुद्धा नाही. पीडीएफ लिहिली तशीच राहते."

अक्कांनी ओळीखाली बोट धरून पत्रिका शेवटपर्यंत वाचली. निमंत्रकाच्या नावावर बोट थांबलं. याच बोटाची तर अल्पनाला गेले कित्येक दिवस भीती घातली जात होती.

"श्रीपाद," अक्का म्हणाल्या, "तुझं लग्न ह्यांच्यामागं मी एकटीनं उभं केलं. मांडवाला लागणारा पैसासुद्धा माझ्या पाटल्यांतून आला. तुझ्या पत्रिकेत निमंत्रक कोण होतं रे?"

"काका," श्रीपाद पुटपुटले. "रीत होती, अक्का."

"हं." अक्कांनी पत्रिका घडी घालून उशाशी ठेवली. "म्हणजे तीही वर्डच होती."